नमस्कार केला का?

रायगडाहून परतून चार तास झाले, छायाचित्रे संगणकावर उतरवून झाली, तरी मनात एकच गोष्ट घोळते आहे: ताकवाल्या मावशींशी मी खोटे का बोलले?

सुमन आयत्या वेळी आली नाही, त्याबद्दल काही लिहीत नाही. कुरकुरणारे गुडघे आणि कॅमेऱ्याचे ओझे सांभाळत एकटीच वर पोहोचले, तेव्हा धुके विरळ होत होते. राजवाड्याच्या जोत्याकडेला तेरडा दाटला होता आणि दगडाच्या खाचेत, जेमतेम बोटभर मातीत, सीतेची आसवे उगवली होती. नखाएवढी निळसर जांभळी फुले, आणि खाली ओल्या मातीत बारीक जीव गिळणारे इवलेसे फुगे! समाधीकडे जायचे सोडून मी तिथेच पोटावर आडवी झाले. एवढ्यात मागून आवाज आला, "ताई, महाराजांना नमस्कार केला का आधी?" मान न वळवता मी "हो" म्हणून टाकले.

"नाही" म्हटले असते तर त्या रागावल्या थोड्याच असत्या? प्रकाश जाईल ही सबब मला स्वतःलाच पटत नाही. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आग लागली, लाकडी वाडे जळाले आणि जोती तेवढी उघड्यावर राहिली. वर छप्पर असते तर या खाचेत पाणी मुरले नसते आणि माझे फूलही उगवले नसते, हे मला तिथे आडवे पडताना पक्के ठाऊक होते. कदाचित म्हणूनच तो प्रश्न एवढा झोंबला. घरी येऊन पाहते तर 214 छायाचित्रांत फुलाची पाकळी न् पाकळी स्वच्छ आहे आणि मागचे जोते म्हणजे नुसता करडा धुरकट डाग आहे. तो तसा यावा म्हणून मी या भिंगासाठी दोन वर्षे पैसे साठवले होते, याला काय म्हणावे!

समाधीपाशी गेले ती अखेरीस पाऊस आल्यावर, कॅमेरा पिशवीत बंद झाल्यावर. येताना मावशींकडे थांबले. पेला हातात देत त्यांनी समाधीच्या वाटेकडे नजर टाकली आणि विचारले, "झाला का आता?"

मी "हो" म्हणाले. ताक चांगलेच खारट होते. तरी दुसरा पेला मागून घेतला.