टाकीतले ढग: पाचव्या भरणाची नोंद

मंडळी, मागच्या वेळी, एका जुन्या चित्रपटातल्यासारखे ढग पाण्यात करून बघण्यासाठी दोन फुटी फिश टँक आणल्याचं लिहिलं होतं. त्यानंतर तो पाच वेळा भरला आणि पाच वेळा उपसला. काल रात्री पहिल्यांदाच ढग ढगासारखा दिसला, म्हणून सगळं ताजं आहे तोवर लिहून काढते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी मागची गोष्ट. १९७७च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये छोट्या बॅरीच्या घरावर ढग उसळत खाली येतात आणि आतून उजेड फाकत असतो. परग्रहावरचे पाहुणे अजून दिसलेले नसतात, पण आकाशात कुणीतरी आहे हे आपल्याला कळून चुकतं. तेव्हा असे ढग संगणकावर काढायची सोय नव्हती. स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख डग्लस ट्रम्बुल यांच्या चमूने ते काचेच्या टाकीत, पाण्यात घडवले. तळाशी खारं पाणी, त्यावर गोडं पाणी, आणि दोन्हींच्या मधल्या रेषेवर सोडलेला पांढरा रंग. टाकीच्या या कामात स्कॉट स्क्वायर्स हा अगदी तरुण मदतनीस होता. मला या चित्रपटात सगळ्यात जास्त आवडतात ते हे ढगच. शेवटी येणारं पाहुण्यांचं मोठं यान, म्हणजे मातृयान, भव्य आहे, पण छातीत धडधड सुरू होते ती ढगांनीच.

युक्तीचं मर्म घनतेत आहे. रंग गोड्या पाण्यापेक्षा जड आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलका हवा. मग तो बुडत येतो, रेषेवर अडतो आणि आडवा पसरतो. आकाशातही वर चढणारी हवा एखाद्या उबदार थराखाली अडली की ढगाचा माथा असाच चपटा होत जातो.

माझी मापं अशी: टाकी ६० बाय ३० सेंटिमीटर. खालचे १८ सेंटिमीटर खारं पाणी, म्हणजे साधारण ३२ लिटर, त्याला लिटरमागे ६० ग्रॅम या हिशेबाने जवळजवळ दोन किलो मीठ. वर १२ सेंटिमीटर गोडं पाणी, २१-२२ लिटर.

पहिलं भरण मिठानेच बिघडवलं. पुडीतलं बारीक मीठ वापरलं आणि पाणी गढूळ झालं, समोरची काच मागून दिसेना. आता जाडं मीठ आणते, आदल्या दिवशी बादलीत विरघळवते आणि सुती फडक्याच्या चार पदरांतून गाळते. दुसऱ्या वेळी पाणी नितळ होतं, पण नळाचं पाणी थेट भरल्यामुळे तासाभरात काचेवर आतून बारीक बुडबुडे धरले. कॅमेऱ्यात ते चांदण्यांसारखे चमकतात आणि पुसायला हात घातला की थर मोडतो. पाणी रात्रभर उघड्या बादल्यांत ठेवलं की हा त्रास संपतो.

तिसऱ्या भरणात थर सुंदर जमला. तो कसा जमवला ते सांगते, कारण दोघा-तिघांनी विचारलं होतं. खाऱ्या पाण्यावर बबल रॅपचा तुकडा तरंगत सोडायचा. स्टुलावर गोड्या पाण्याची बादली ठेवायची आणि सलाईनच्या नळीने धार त्या तुकड्यावर पडू द्यायची. पाणी चढेल तसा तुकडा आपोआप वर येतो. मला पाऊण तास लागला. शेवटी एका कोपऱ्याने तुकडा अलगद ओढून घ्यायचा, श्वास रोखून. टाकीकडे तिरपं पाहिलं की मधोमध एक थरथरणारी रेष दिसते, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा हलते तशी. ती दिसली की थर पक्का.

एवढं करून रंग मात्र दोऱ्यासारखा सरळ तळाला गेला. पांढरा पोस्टर कलर मी अंदाजाने कालवला होता. मग डोकं शांत करून वजनं केली. स्वयंपाकघरातला काटा, ५० मिलीची सिरिंज, आणि प्रत्येक द्रवाचे ५० मिली तोलून पाहिले. गोडं पाणी ५० ग्रॅम, खारं ५२ आणि माझा रंग ५४. बुडणारच. तो पाणी घालून ५१ वर आणला तर सीमेवर थांबला, पण फिका पडला आणि ढगाला वजन राहिलं नाही. तेव्हा आई म्हणाली, "अगं, दूध घालून बघ की." दुधाचे ५० मिली भरले साडेएक्कावन्न ग्रॅम. गोडं आणि खारं यांच्या मध्ये! आता मी दुधातच थोडा रंग कालवते, अर्धा लिटरला दोन चहाचे चमचे, आणि पुन्हा तोलून बघते. दूध असल्यामुळे टाकी त्याच रात्री नाही तर सकाळी लवकर उपसावी लागते, नाहीतर वास येतो.

चौथ्या वेळी दूध जमलं, उजेड नाही. टाकीखाली हॅलोजन ठेवला होता. वीस मिनिटांत खालचं पाणी तापलं, हलकं होऊन वर चढायला लागलं आणि माझी रेष डोळ्यांदेखत विस्कटली. आता फक्त एलईडी.

मधल्या एका रविवारी बाबांबरोबर खालापूरजवळच्या हाळला जाऊन आले. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने ते काही लांब नाही. फेब्रुवारी १९७७मध्ये या चित्रपटातला भारतातला प्रसंग याच गावी चित्रित झाला. पडद्यावर तो उत्तर भारत म्हणून येतो, आणि कॅमेरा डग्लस स्लोकोम यांचा आहे. शेकडो माणसं पाहुण्यांकडून आलेले पाच स्वर गात बसली आहेत. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफो यांनी साकारलेला शास्त्रज्ञ विचारतो की हे सूर कुठून आले, आणि सगळे हात एकदम आभाळाकडे उठतात. हे माझ्या जिल्ह्यात घडलं याचा मला फार अभिमान वाटतो. याच भारतभेटीत चित्रपटाचे दिग्दर्शक स्पीलबर्ग यांना रात्री दिव्यांनी लखलखणारा तेलशुद्धीकरण कारखाना दिसला आणि त्यावरून मातृयानाचं रूप सुचलं. राल्फ मॅकक्वारी यांनी ते रेखाटलं, ग्रेग जीन यांच्या चमूने त्याचं मॉडेल घडवलं. परतताना डोंगरावर ढग उतरले होते. गाडी कडेला लावून मी त्यांच्या कडा बघत बसले. खऱ्या ढगाची खालची बाजू किती करडी असते, हे मी आजवर नीट पाहिलंच नव्हतं.

तो करडा रंग पाचव्या भरणात कामी आला. मागून येणारा उजेड बटर पेपरने झाकून मंद केला. ढगाच्या आतला उजेड म्हणजे एक परीक्षानळी: तळाला वाळू, वर केशरी जिलेटिन पेपरात गुंडाळलेला बारीक एलईडी, तोंड मेणाने बंद. तारेला धरून ती वरून सोडायची. सिरिंजच्या टोकाला स्टीलची वाकवलेली नळी लावली आहे. तिचं तोंड रेषेच्या दोन बोटं वर ठेवलं आणि दट्ट्या अगदी हळू दाबला.

आधी काहीच झालं नाही. मग नळीच्या तोंडाशी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा एक गोळा फुगला, रेषेवर टेकला, आणि त्याच्या कडांमधून तसेच आणखी गोळे फुटत दोन्ही बाजूंना सरकू लागले. बाबांनी दिवा पेटवला. आतून केशरी उजेड उमटला, जवळच्या कडा तापल्यासारख्या आणि लांबच्या करड्याच. मोबाइलवर २४० फ्रेम्सने घेतलंय. २४ने चालवलं की एका सेकंदाचे दहा होतात आणि वीतभर ढग आभाळाएवढा वाटतो. कॅमेरा खालून वर रोखला होता, बॅरीच्या घरातून बघावं तसा. एकूण चाळीस सेकंद मिळाले, त्यातले अकरा चांगले. भाचीने ते बघत पेटीवर पाच स्वर वाजवले: रे, ग, सा, मग मंद्र सा आणि मंद्र प. त्यानंतर तिने तेच किती वेळा वाजवले, मोजले नाहीत.

राहिलेल्या अडचणी दोन. सिरिंज संपताना हाताला झटका बसतो आणि ढगात एक भोवरा उठतो. दट्ट्यावर मळसूत्री दांडा बसवून तो फिरवत दाबावा असं मनात आहे. कुणी केलं असेल तर आटे किती ठेवले ते कळवा. दुसरी अडचण पाण्याची. प्रत्येक भरणाला पन्नासहून जास्त लिटर जातं. वरचं पाणी मी नळीने दूध सोडायच्या आधी काढू शकत नाही आणि नंतर ते कशाच्याच उपयोगाचं राहत नाही. त्यामुळे आता महिन्याला दोनच भरणं, आणि त्यासाठी गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवतेय.

रात्री दमून टाकी तशीच सोडली. सकाळी साडेसहाला पाहिलं तर ढग विरला होता, पण १८ सेंटिमीटरच्या खुणेला एक पातळ पांढरी चादर अजून स्थिर होती, टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी नळी घेऊन आले तर बाबा म्हणाले, "थांब गं, चहा होईपर्यंत राहू दे."