क्रिएटिन, क्रिएटिनिन आणि एक घाबरवणारा रिपोर्ट

जिमला लागलो तेव्हा सुरुवातीच्या आठवड्यांत वजनं भराभर वाढत गेली, शर्टाच्या बाह्या मात्र होत्या तेवढ्याच सैल. ट्रेनर म्हणाला, "सर, आत्ता नसा शिकतायत. मसल भरायला वेळ लागतो." त्याचं बरोबर होतं. पुढे बेंच प्रेसवर घोडं अडलं.

घरात सगळे पक्के शाकाहारी. क्रिएटिन म्हणजे स्नायूंत साठणारा, झटपट जोर लावायला मदत करणारा पदार्थ. तो शरीर थोडाफार स्वतः बनवतं, पण आहारातून मिळतं ते मुख्यतः मांस-मासळीतून, त्यामुळे शाकाहाऱ्यांच्या स्नायूंतला साठा कमीच असतो. म्हणून साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे त्याची नेहमीची पावडर, आणलं. ट्रेनर 'लोडिंग'साठी मागे लागला होता: रोज २० ग्रॅम, आठवडाभर. त्याने साठा लवकर भरतो हे खरं, पण रोज ३ ग्रॅमनेही महिनाभरात तिथेच पोहोचतो. मग पोट कशाला बिघडवून घ्या? कोमट पाण्यात ढवळायचं, तळाशी वाळूसारखी कणी उरते, त्यात पुन्हा घोटभर पाणी घालून तीही प्यायची.

काट्यावर किलोभर वजन वाढलं. ते स्नायूंत साठलेलं पाणी. खरा फरक शेवटच्या सेटमध्ये जाणवला: जिथे सहाव्या रेपला (वजन एकदा उचललं की एक रेप) हात थरथरायचे, तिथे आठ निघू लागल्या. पावडर एवढंच करते. स्फोटक हालचालीसाठी लागणारी ऊर्जा स्नायूला पटकन परत मिळते, म्हणून काम जास्त होतं आणि स्नायू वाढतो तो त्या जादा कामाने. नुसती पावडर खाऊन दंड फुगत नाहीत.

मग ऑफिसच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम जोखतात ते, १.४ आलं, लॅबची मर्यादा १.३. आईने रिपोर्ट बघितला आणि सुरू झाली, "तरी मी म्हणत होते, किडन्या जातील!" मीही टरकलो होतो.

डॉक्टर शांत होत्या. क्रिएटिन मोडलं की त्याचंच क्रिएटिनिन होतं. पावडर घेणाऱ्या, स्नायू कमावलेल्या माणसात ते थोडं चढं दिसू शकतं आणि त्यावरून काढलेला किडनीच्या कामाचा आकडा उगाच कमी येतो, असं त्यांनी समजावलं. पावडर काही दिवस बंद, तपासणीआधी जड व्यायाम नाही, आणि स्नायूंवर फारसं अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी चाचणी, शिवाय लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. दोन्ही नॉर्मल आले. क्रिएटिन पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली. ज्यांना किडनीचा आजार आहे त्यांनी मात्र विचारल्याशिवाय हात लावू नये, असं त्या दोनदा म्हणाल्या. आता रक्त देताना लॅबच्या फॉर्मवर 'क्रिएटिन चालू' असं लिहितो.