चोरकप्प्याचं कपाट

'आपल्या आवडत्या गुरुजनांविषयी लिहा' असं स्मरणिका समितीचं पत्र आलं. मी ज्यांच्याविषयी लिहितोय, त्यांचं नाव शाळेच्या कुठल्याच हजेरीपटावर सापडणार नाही. ते दर मे महिन्यात रोजावर यायचे, मोडके बाक दुरुस्त करायचे, पावसाआधी छपराच्या रिपा-वासे बघायचे आणि जूनला शाळा भरली की दिसेनासे व्हायचे. आम्ही मुलं त्यांना मेस्त्रीकाका म्हणायचो.

१९८५ साली पाचवीत अपूर्णांकांनी माझी पार दांडी उडवली. सुट्टीभर उनाडक्या नकोत म्हणून वडिलांनी मला शाळेच्या पडवीत आणून काकांच्या हाताखाली सोडलं. पहिले दोन दिवस मी फक्त भुसा झाडला. तिसऱ्या दिवशी त्यांनी घडीची पट्टी माझ्या हातात दिली.

"झिला, एका इंचात आठ सूत. मगे अर्ध्या इंचात किती?"

"चार."

"पाव इंचात?"

"दोन."

"तीन सुतात पाव इंच घातलो तर?"

"पाच सूत."

"मगे तुका गणित येता की रे!"

तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश. याच गणिताला मी वार्षिक परीक्षेत छेदात छेद मिळवून आलो होतो. लाकडावर मात्र पाव इंचाचे दोन सूत आपोआप झाले. छेद समान करतात म्हणजे काय करतात, ते मला तेव्हा कळलं. पुढे घनफूटही त्यांच्याकडेच शिकलो: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, गुणाकाराला १४४ नं भागायचं. आज बांधकाम खात्यात मी याच गुणाकार-भागाकारांवर पोट भरतो.

त्यांचं काम सावकाशीचं. बाकाचा पाय हलायला लागला की बाकीचे खिळा ठोकून मोकळे होतात. काका उलट आधी ठोकलेला खिळा उपटायचे. खिळा गंजतो, गंजानं भोक मोठं होतं आणि दुसऱ्या पावसात पाय परत हलतो, हे त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं. ते कुसू, म्हणजे पायाचा भोकात बसणारा भाग, बाहेर काढायचे, त्याच्या टोकाला चीर देऊन बारीक पाचर लावायचे आणि परत भोकात ठोकायचे. आत जाता जाता पाचर कुसू फुगवते. असा बाक मोडायचा तर मग मुद्दाम मोडावा लागतो, आणि आमच्या तुकडीनं तोही प्रयत्न करून पाहिला आहे.

अकराच्या सुमाराला काकी पेजेचा डबा घेऊन यायच्या. सोबत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा नाहीतर खारातली कैरी. काका एकटे कधी जेवले नाहीत. काकींनी पानावर बसायचं, मगच घास. जेवण झालं की काकी पदर खोचून पॉलिश पेपर मारायला लागायच्या आणि काका त्यांच्यावर खेकसायचे, "नशीच्या उलट घासू नको गो!" तीस वर्षं हेच वाक्य. काकींनी ते मनावर घेतल्याचं मला कधी दिसलं नाही.

चार मुलं, तीन मुली आणि एक मुलगा. परड्यात एक बरका फणस होता. तो त्यांनी तोडला तेव्हा मुलींनी दोन दिवस अबोला धरला होता म्हणे. त्या फळ्या मांगरात मध्ये काठ्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवल्या होत्या. ओलं लाकूड वापरलं की पुढे आकसतं, सांधे उघडे पडतात. काका लाकडाला घाई करत नसत.

मी सातवीत असताना शाळेत पुस्तकांचं कपाट आलं. हळदीसारखं पिवळंधमक, फणसाचं. त्याचा खालचा खण पूर्ण बाहेर काढला की मागची बोटभर फळी सरकायची आणि आत वीतभर पोकळी. आम्ही त्यात आवळे लपवले, चिठ्ठ्या लपवल्या, एकदा तर प्रगतिपुस्तकही. पण पुस्तकांच्या कपाटाला चोरकप्पा कशाला? काकांना विचारलं तर म्हणाले, "उंदरांका."

नंतर मी पुण्याला गेलो, गावी येणं गणपतीपुरतं उरलं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा टाळेबंदीमुळे मी गावीच अडकलो होतो. शाळेची कौलं पत्त्यांसारखी उडाली. काकांना तोवर शिडी चढवत नव्हती. ते खाली खुर्चीवर बसले आणि काठीनं दाखवत पोरांकडून वासे बदलून घेतले. एका पोरानं खिळा उचलला मात्र, काठी जमिनीवर आपटली!

ते गेले तेव्हा बाराव्याला मी घरी गेलो. ओटीवर थोरली ताई बसली होती. आयुष्यभर तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. बोलता बोलता चोरकप्प्याचा विषय निघाला.

"ता माझा कपाट, बाबू," ती म्हणाली. "माझ्या लग्नासाठी करूक घेतलेला. चोरकप्पो दागिन्यांसाठी."

कपाट निम्मं झालं आणि ताईचा डी.एड.ला नंबर लागला. त्याच आठवड्यात शाळेला पुस्तकांसाठी कपाट हवं होतं. काकांनी लाकडाचे पैसे बाजारभावानं घनफुटावर लावले, मजुरी दिवसांवर. चोरकप्प्याचं काम बिलात धरलं नाही. शाळेनं तो मागितलाच नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

"आणि दागिने?" मी विचारलं.

"ते खंय होते?" ताई हसली.

गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीला आलो तेव्हा ग्रंथालयात डोकावलो. पिवळ्या फणसाचा रंग आता पिकल्या सुपारीपेक्षाही गडद झालाय. दार अजून कडीशिवाय लागतं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी खालचा खण काढला आणि फळी सरकवली. आत मूठभर चिंचोके होते. ताजे, चिंचेचा गर अजून चिकटलेला.

फळी जागेवर सरकवली, खण लावला. ग्रंथपालबाईंना काही सांगितलं नाही.