अप्रेंटिसशिप संपत आली, आता डिप्लोमाचं पहिलं वर्ष की थेट दुसरं?

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन यांसारखा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना दहावी आणि आयटीआयच्या जोरावर पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड, त्यामुळे त्यांना पहिल्या वर्षापासूनच जावं लागतं. या प्रवेशासाठी आयटीआयचं, म्हणजे एनटीसी प्रमाणपत्र लागतं. अप्रेंटिसशिप पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या एनएसी प्रमाणपत्रावाचून तो अडत नाही. म्हणून अप्रेंटिसशिपचा करार मध्येच मोडायचा, असं मात्र नाही. मोडलात तर एनएसी हातची जाते, आणि ती भरतीत कामी येते.

एक वर्ष वाचतं म्हणून बहुतेक जण डोळे झाकून दुसरं वर्ष घेतात. पण जे वर्ष वाचतं, त्याच वर्षात गणित शिकवतात. बेसिक मॅथ्स आणि अप्लाइड मॅथ्स, म्हणजे डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन, पहिल्या दोन सेमिस्टरलाच उरकतात. मेकॅनिकलला तिसऱ्या सेमिस्टरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स येतो आणि शिक्षक ते सगळं येतं असं धरूनच पुढे जातात.

40 बाय 20 मिमीची पट्टी घ्या. आडवी टेकवून मध्ये दाब दिला तर वाकते, उभी धरली तर दाद देत नाही. हे फिटरच्या हाताला कधीचं ठाऊक असतं. वहीत तेच 'मोमेंट ऑफ इनर्शिया', म्हणजे वाकण्याला आकाराचा किती विरोध, म्हणून असं येतं: रुंदी गुणिले उंचीचा घन, भागिले 12. आडव्या पट्टीचं उत्तर 26,667, उभीचं 1,06,667. बरोब्बर चौपट! आकडे घालणं सोपं आहे, पण ते 12 आले कुठून हे विचारलं की इंटिग्रेशन लागतं, आणि पेन तिथेच थांबतं. इलेक्ट्रिशियनचं तसंच: एसी सर्किटमध्ये रेझिस्टन्सवर 30 व्होल्ट, शुद्ध इंडक्टन्सवर 40, तरी सिरीजमध्ये एकूण 70 नव्हे, 50. मीटरवर दिसतं, पण कागदावर फेझर, म्हणजे व्होल्टेजचे दिशा दाखवणारे बाण, मांडावे लागतात.

दहावीचं गणित काठावर सुटलं असेल तर सरळ पहिल्या वर्षाला जा. कमीपणा वाटायचं कारण नाही. दुसरंच घ्यायचं असेल तर अप्रेंटिसशिपचे शेवटचे सहा महिने रोज तासभर पहिल्या वर्षाची गणिताची पुस्तकं सोडवा: आधी त्रिकोणमिती, मग डेरिव्हेटिव्ह, शेवटी इंटिग्रेशन. पुढे इंजिनीअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं तर डिप्लोमाला खुल्या गटात 45 टक्के लागतात, राखीव गटात 40. तिथे गणित आणखी वर चढतं.

शिकवायची आवड असेल तर एक वर्षाचा सीआयटीएस हा प्रशिक्षकांचा कोर्स पाहा. आयटीआयत निदेशक व्हायची ती वाट. मुंबईत चुनाभट्टीच्या एनएसटीआय या केंद्र सरकारी प्रशिक्षण संस्थेत तो चालतो.

कागदपत्रांत घोळ होतो तो नावाच्या स्पेलिंगचा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि एनटीसी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. एनटीसीत चूक असेल तर दुरुस्ती आपल्या आयटीआयमार्फत होते आणि वेळ खाते, तेव्हा प्रवेशाची वाट न बघता आधीच अर्ज द्या. शाळा सोडल्याचा दाखलाही शाळेत नव्हे, आयटीआयतून घ्यायचा.