ग्रीकांचं सर्वात जुनं लिखाण: मेंढ्यांचा हिशेब

ग्रीक भाषेतलं आज हाती असलेलं सर्वात जुनं लिखाण कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण महाकवी होमरचं नाव घेतील. प्रत्यक्षात त्याच्याही चार-पाचशे वर्षं आधीच्या मातीच्या पाट्या आहेत आणि त्यांवर लिहिल्यात मेंढ्या. कुठल्या गावी किती, कुणाच्या राखणीत, किती कमी भरल्या. त्याखेरीज लोकर, अंजिरं, रथाची चाकं, तेलाचे बुधले. एक कविता नाही, एक गोष्ट नाही, कुण्या राजाची स्तुतीही नाही. सगळा कारकुनी कारभार.

मला याचं जरा जास्तच अप्रूप वाटतं, कारण अथेन्सच्या बंदरात, पिरेअसला, एका जहाज कंपनीत मी हिशेबाचंच काम करते. ऑफिस सुटल्यावर मेट्रोची हिरवी लाइन थेट व्हिक्टोरिया स्टेशनला सोडते, तिथून राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय चालत जाण्याइतकं जवळ. अथेन्समध्ये डझनभराहून जास्त परदेशी पुरातत्त्व संस्था आहेत, आणि अमेरिकन स्कूलच्या कोत्सेन हॉलमधली व्याख्यानं सर्वांना खुली असतात. श्रोत्यांत निम्मे संशोधक आणि निम्मे जवळच्या कोलोनाकी वस्तीतले निवृत्त लोक. या पाट्यांचं वेड मला तिथेच लागलं.

त्यांच्या लिपीचं नाव लिनियर बी. १९०० साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी क्रीट बेटावर क्नोसोसला खोदकाम सुरू केलं आणि आठवड्याभरातच पाट्या निघू लागल्या. तुकडे धरून त्यांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली. इव्हान्स १९४१ साली वारले तोवर त्यांतल्या मोजक्याच छापल्या गेल्या होत्या. बाकीच्या दुसऱ्या कुणी वाचू नयेत म्हणून नव्हे, आपणच कधीतरी वाचू या आशेवर त्यांनी त्या अडवून ठेवल्या असाव्यात. विद्वानांचा हा रोग सगळ्या देशांत सारखाच. एका पाटीवर घोड्याचं डोकं आणि शेजारी दोन चिन्हं होती. सायप्रसच्या जुन्या लिपीच्या आधाराने ती ‘पो-लो’ अशी वाचता येत होती, आणि ग्रीकमध्ये पोलोस म्हणजे शिंगरू. इव्हान्स यांच्या हे लक्षात आलं होतं, तरी त्यांनी ते बाजूला सारलं. क्रीटच्या या संस्कृतीची भाषा ग्रीक असूच शकत नाही, हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं.

मग १९३९ साली अमेरिकन पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेन यांनी ग्रीसच्या मुख्य भूमीवर पिलोसजवळ पहिला चर खणला आणि तो नेमका राजवाड्याच्या दफ्तरखान्यातून गेला. त्या एका हंगामात सुमारे सहाशे पाट्या मिळाल्या. पुढे महायुद्ध आलं. पाट्या बँक ऑफ ग्रीसमध्ये ठेवाव्या लागल्या आणि संग्रहालयातले मोठे पुतळे संग्रहालयाच्याच फरशीखाली पुरले गेले.

आता अ‍ॅलिस कोबर या बाईंविषयी. लिपी उलगडण्याचं श्रेय मायकेल व्हेंट्रिस यांना मिळतं आणि ते योग्यच आहे. पण व्याख्यानांतून मला कळलं ते असं की, या कामाचा पाया कोबरबाईंनी घातला. त्या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजात शिकवत. लिपी अनोळखी, भाषा अनोळखी, दोन भाषांतला शिलालेख वगैरे काही आधार नाही. बाकीचे लोक ही भाषा अमुकच असणार असं गृहीत धरून जुळवाजुळव करत होते. कोणी बास्क म्हणत होतं, कोणी इटलीतली प्राचीन एट्रुस्कन. कोबरबाईंचं म्हणणं, आधी भाषा ठरवूच नका. कोणतं चिन्ह शब्दाच्या सुरुवातीला येतं, कोणतं शेवटी, कोणतं कोणाच्या शेजारी, एवढंच मोजा. युद्धामुळे कागदाची टंचाई, म्हणून जुनी शुभेच्छापत्रं आणि चर्चची पत्रकं कापून त्यांनी चिठ्ठ्या बनवल्या. अशा सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावलेल्या होत्या. त्या आज टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत.

त्यांनी नेमकं काय शोधलं, हे मराठी माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपण सगळे बाराखडी घोकून मोठे झालो. समजा, कुणाला मराठी अजिबात येत नाही आणि आपली लिपी अशी आहे की ‘गा’ आणि ‘गी’ या दोन चिन्हांत दिसायला काहीच साम्य नाही. त्या माणसाला मुलगा-मुलगी, घोडा-घोडी, आजा-आजी अशा जोड्या दिसतात. शब्द तोच, फक्त शेवटचं चिन्ह बदलतं. तो उच्चार न कळताही म्हणू शकतो की ‘गा’ आणि ‘गी’ यांचं व्यंजन एक असणार आणि ‘गी’, ‘डी’, ‘जी’ यांचा स्वर एक असणार. अशी पुरेशी चिन्हं मिळाली की एकही अक्षर वाचता न येता बाराखडीचा तक्ता मांडता येतो, आडव्या ओळीत व्यंजन, उभ्या ओळीत स्वर. कोबरबाईंनी शब्दांचे असे बदलते शेवट शोधून काढले. पाट्यांच्या तळाशी बेरजेचा शब्द येतो, तोही पुरुष मोजताना एक आणि स्त्रिया मोजताना दुसरा असतो, हे त्यांनी दाखवलं. भाषेत लिंग आहे, विभक्ती आहे, एवढं नक्की झालं. १९५० साली त्या गेल्या, वय ४३.

व्हेंट्रिस व्यवसायाने वास्तुविशारद. चौदा वर्षांचे असताना लंडनला इव्हान्स यांचं भाषण ऐकलं आणि तेव्हापासून हा नाद. त्यांनी तो तक्ता वाढवत नेला. अमेरिकन अभ्यासक एमेट बेनेट यांनी चिन्हांची पक्की यादी करून दिली होती, तीही मोठी मदत. १९५२ साली व्हेंट्रिस यांनी एक अंदाज बांधला: काही शब्द फक्त क्नोसोसच्याच पाट्यांवर येतात, ती क्रीटमधल्या गावांची नावं असली तर? तक्त्यात घालून बघितलं तर ‘को-नो-सो’, ‘आ-मि-नि-सो’ अशी नावं उमटली. क्नोसोस आणि त्याचं बंदर अम्निसोस. एक घर बसलं की शेजारची घरं आपोआप भरायची, आणि भरत गेले ते शब्द ग्रीक निघाले. स्वतः व्हेंट्रिस यांचा कित्येक वर्षं एट्रुस्कनवर भरवसा होता, म्हणजे पुराव्याने त्यांच्या मनाविरुद्ध कौल दिला. १ जुलै १९५२ ला त्यांनी बीबीसी रेडिओवर हे जाहीर केलं. पुढे केंब्रिजचे भाषाभ्यासक जॉन चॅडविक त्यांना येऊन मिळाले.

शंका घेणारे होतेच. त्यांचं तोंड बंद केलं एका पाटीने. ती १९५२ च्या खोदकामात पिलोसला निघाली होती, म्हणजे तक्ता बनवताना कुणाच्या हातात नव्हती. ब्लेगेन यांनी पुढच्या वर्षी तिच्यावर व्हेंट्रिस यांची अक्षरं लावून पाहिली. पाटीवर भांड्यांची चित्रं आहेत. तीन पायांच्या भांड्याशेजारी ‘ति-रि-पो’. चार कानांच्या भांड्याशेजारी ‘क्वे-तो-रो-वे’, तीन कानांच्या शेजारी ‘ति-रि-ओ-वे’ आणि बिनकानाच्या शेजारी ‘आ-नो-वे’. त्रि, चत्वार्, पाद आणि नकाराचा अन्. संस्कृतची तोंडओळख असलेला कोणीही ही पाटी अर्धीअधिक समजू शकतो, कारण दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. आमच्या ऑफिसात गेल्या वर्षाला ‘पेर्सी’ म्हणतात. पाट्यांवर ‘पे-रु-सि-नु-वो’ म्हणजे गेल्या वर्षीचा. पाणिनीच्या सूत्रात गेल्या वर्षासाठी आहे ‘परुत्’.

पाट्यांवरची ग्रीक वाचताना मात्र डोकं फिरतं. लिपीत र आणि ल यांना एकच चिन्ह. प, फ, ब यांना एकच. शब्दाच्या शेवटी व्यंजन असलं तर ते सरळ गाळायचं. लिहिणाऱ्याला आणि त्याच्या साहेबाला काय ते माहीत होतं, तिसऱ्याने वाचावं अशी कुणाची इच्छाच नव्हती. आमच्या ऑफिसातल्या एक्सेल शीटचे मथळे बघितलेत तर तुम्हाला पटेल.

आमच्या भागात शनिवारी रस्ता अडवून भाजीबाजार भरतो. त्याला इथे लायकी म्हणतात (आपल्या लायकीशी संबंध नाही, आधीच सांगते). मसाल्यांच्या गाड्यावर कीमिनो, मारथो, सुसामी अशी नावं लावलेली असतात: जिरे, बडीशेप, तीळ. मायसीनी या प्राचीन राजधानीच्या कोटाबाहेरच्या एका घरात मिळालेल्या पाट्यांवर हीच यादी आहे: ‘कु-मि-नो’, ‘मा-रा-तु-वो’, ‘सा-सा-मा’, शिवाय धनेही. जिरे आणि तीळ हे शब्द तेव्हाच पूर्वेच्या सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या कुळातल्या) भाषांतून उसने आलेले होते. यादीत करडईसुद्धा आहे, ‘का-ना-को’, तीही दोन प्रकारची. लाल करडई वजनावर मोजलेली आणि पांढरी मापाने, म्हणजे एक रंगासाठी पाकळ्या आणि दुसरं बी. सोलापूर-लातूरकडच्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

पण हिशेबनीस म्हणून मला सर्वात आवडलेलं संशोधन मेंढ्यांचं. क्नोसोसच्या पाट्यांत सुमारे एक लाख मेंढ्या नोंदल्या आहेत. प्रत्येक कळपापुढे नर किती, माद्या किती आणि ‘ओ’ हे अक्षर लावून आणखी एक आकडा. ‘ओ’ म्हणजे ‘ओ-पे-रो’, येणे बाकी. हे सगळे आकडे मिळवले की पुष्कळदा नेमके १०० किंवा २०० होतात. खऱ्या कळपात असे गोल आकडे येत नाहीत, हे कोणताही धनगर सांगेल. आधी लोक म्हणायचे, हा मेंढ्यांच्या रूपात वसूल केलेला कर असावा. १९६० च्या दशकात संशोधक जॉन किलेन यांनी दाखवून दिलं की हे लोकरीसाठी पाळलेले, बहुतेक खच्ची केलेल्या नरांचे कळप आहेत. गोल आकडा म्हणजे राजवाड्याने ठरवून दिलेलं लक्ष्य आणि ‘ओ’ म्हणजे तूट. अशा चार मेंढ्यांमागे लोकरीचं एक माप, आजच्या हिशेबाने सुमारे तीन किलो. पाट्यांवर याविषयी एक वाक्यही लिहिलेलं नाही, सगळं आकड्यांच्या वागण्यावरून काढलंय. ऑडिट यापेक्षा वेगळं काय असतं?

क्नोसोसच्याच काही पाट्यांवर बैलजोड्यांची नावंही आहेत. एकाचं नाव ‘काळ्या’ अशा अर्थाचं, एकाचं ‘पांढऱ्या पायांचा’, आणखी एकाचं दारूच्या रंगावरून.

पिलोसच्या एका पाटीवर जमिनीचा वादही नोंदलाय. एरिथा नावाची पुजारीण म्हणते, ही जमीन देवाची इनाम आहे. गाव म्हणतं, नाही, तिच्याकडे इतरांसारखीच साधी वहिवाट आहे. कारकुनाने दोघांचं म्हणणं लिहून क्षेत्र मांडलं आणि पुढच्या नोंदीकडे वळला. निकाल काय लागला ते कुठे नाही. त्या पाट्या पुढे वर्षानुवर्षं जपायच्या नव्हत्याच. त्यांवर चालू वर्षापुरता हिशेब असे आणि माती नुसती उन्हात वाळवलेली. राजवाडे जळाले आणि त्या आगीत पाट्या भाजून पक्क्या झाल्या, म्हणून आपल्यापर्यंत आल्या. कायमच्या वह्या चामड्यावर किंवा पपायरसवर असतील तर त्या त्याच आगीत गेल्या. ओल्या मातीवर पाटी थापणाऱ्यांच्या पंजांचे ठसेही उरलेत आणि संशोधकांनी ते तपासलेत. त्यांत लहान मुलांचेही आहेत. अलीकडे पिलोसच्या पाट्यांचे फोटो वेगवेगळ्या कोनांतून उजेड टाकून काढले जातात, मग खोडून पुन्हा लिहिलेलंसुद्धा दिसतं. खाडाखोड बघितली की कारकून एकदम ओळखीचा वाटायला लागतो.

लिनियर बीच्या आधीची लिनियर ए अजून उलगडलेली नाही. तिची बरीच चिन्हं पुढे लिनियर बीत आली, त्यामुळे उच्चार साधारण कळतात. आकडे तर स्वच्छ वाचता येतात, आणि तळाशी ‘कु-रो’ आलं की त्यापुढे बेरीज असते. पण भाषा कोणती, पत्ता नाही. लेख चौदाशेच्या आसपास, त्यातले बरेच तुटके. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी ‘मी वाचली’ म्हणून पुढे येतं, जसं आपल्याकडे सिंधू लिपीबाबत होतं. तिथे तर लेख सरासरी पाच चिन्हांचे, शब्दांचे शेवट तुलना करायला मिळणार कुठून? आधी भाषा ठरवून मग लिपी वाचणाऱ्यांवर माझा तरी कोबरबाईंमुळे विश्वास उरलेला नाही, मग ती भाषा आपल्या कितीही लाडकी असो.

तुमच्यापैकी कुणी अथेन्सला येणार असेल तर संग्रहालयातल्या मायसीनी दालनात सगळे होमरच्या काव्यातल्या आगामेम्नोन राजाच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या सोन्याच्या मुखवट्यापाशी गर्दी करतात. फोटो काढून झाला की पाट्यांची कपाटं विचारा. पाट्या तळहाताएवढ्या आणि मळकट आहेत, पण भांड्यांच्या चित्रांवरून तीन पायांची नोंद शोधता येते. आणि मंगळवारी सकाळी जाऊ नका, त्या दिवशी संग्रहालय दुपारी उघडतं.