लाल टोपणाची सिरिंज

अमेरिकेतल्या कुठल्याही फार्मासिस्टला विचारा, वर्षातला सगळ्यात अवघड महिना कोणता. बहुतेक जण जानेवारी म्हणतील. फ्लूची गर्दी असतेच, पण खरी अडचण दुसरी. 1 जानेवारीला विम्याचं डिडक्टिबल पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ठरलेली रक्कम स्वतःच्या खिशातून भरेपर्यंत बऱ्याच योजनांमध्ये विमा कंपनी औषधाला पैसे देत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत डिसेंबरात 40 डॉलर देऊन इन्सुलिन घेऊन गेलेला माणूस जानेवारीत त्याच बाटलीसाठी यायचा आणि स्क्रीनवर 275 डॉलर दिसायचे. तो पुन्हा विचारायचा, आम्ही पुन्हा तपासायचो, आकडा तोच राहायचा.

मी शिकले सांगलीला, नव्वदच्या दशकात. मग इथल्या परीक्षा दिल्या आणि ओहायोत कोलंबसजवळ एका मोठ्या साखळी दुकानाच्या औषधविभागात लागले. सांगते आहे तो शनिवार जानेवारी 2020 मधला आहे. किमतींचं गणित तेव्हापासून बरंच बदललं, ते पुढे येईलच.

सकाळी दार उघडल्या उघडल्या एक तरुण आला. लहानपणापासून टाइप वनचा मधुमेही, म्हणजे इन्सुलिनशिवाय एक दिवसही निघणार नाही असा. आईवडिलांच्या विम्यावर सहसा सव्विसाव्या वर्षापर्यंतच राहता येतं, आणि त्याला नुकतीच सव्वीस पूर्ण झाली होती. काम हॉटेलात, तिथे विमा नाही. जेवणाआधी घ्यायच्या जलद इन्सुलिनच्या दोन बाटल्या आणि चोवीस तास चालणाऱ्याची एक, मिळून सव्वाआठशे डॉलरच्या वर बिल झालं. तो शांतपणे म्हणाला, "पगार झाला की येतो. तोवर थोडं थोडं पुरवतो."

हे वाक्य ऐकलं की मी काउंटर सोडून बाहेर येते. 'थोडं थोडं पुरवणं' म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक असतं. येल विद्यापीठाच्या मधुमेह केंद्रातल्या रुग्णांचा एक अभ्यास 2018 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला होता. दर चौघांतला एक जण पैशापायी इन्सुलिन कमी घेत होता किंवा चुकवत होता. मिनेसोटात 2017 साली अॅलेक स्मिथ नावाचा सव्वीस वर्षांचाच मुलगा आईच्या विम्यातून बाहेर पडल्यावर महिन्याभरात गेला, आणि त्याच्या नावाने तिथे पुढे कायदा झाला. आमच्या ओहायोतही असा एक कायदा आहे, केव्हिनचा कायदा. केव्हिन हाउडशेल यांच्या प्रिस्क्रिप्शनची मुदत संपली, नववर्षाच्या सुट्टीत डॉक्टर मिळाले नाहीत आणि जानेवारी 2014 मध्ये ते इन्सुलिनवाचून गेले. त्यामुळे आता मुदत संपलेली असली तरी फार्मासिस्ट अडचणीच्या वेळी इन्सुलिन देऊ शकतो. चिठ्ठीचा प्रश्न त्याने सुटला. पैशाचा प्रश्न होता तिथेच राहिला.

या मुलाकडे चिठ्ठी होती, नव्हते ते पैसे. आता मार्ग काय काय? त्याच जलद इन्सुलिनची, त्याच कंपनीने दुसऱ्या लेबलखाली काढलेली बाटली 2019 च्या मे महिन्यापासून 137 डॉलर 35 सेंटला मिळत होती. आत औषध तेच, किंमत निम्मी. तरीही ती त्याच्या आवाक्याबाहेर. सनोफी कंपनीची विमा नसलेल्यांसाठी योजना होती, महिन्याला 99 डॉलरमध्ये सगळं इन्सुलिन. पण त्यासाठी डॉक्टरांनी चिठ्ठी बदलून द्यायला हवी होती आणि दवाखाना सोमवारी उघडणार होता. शनिवार-रविवारसाठी एकच गोष्ट हाताशी होती. जुनं ह्यूमन इन्सुलिन, वॉलमार्टने 'रिलायऑन' नावाने आणलेलं, साधारण 25 डॉलरला एक बाटली, बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय.

हे इन्सुलिन वाईट नाही. कित्येक वर्षं सगळं जग त्याच्यावरच चाललं आणि आपल्याकडे आजही लाखो लोक त्याच्यावर आहेत. पण नव्या इन्सुलिनच्या जागी ते तसंच्या तसं चालत नाही. नवीन जलद इन्सुलिन ताटावर बसता बसता घेतलं तरी चालतं. जुन्यातलं जेवणाआधीचं 'रेग्युलर' मात्र अर्धा तास आधी घ्यावं लागतं आणि ते जेवण पचून गेल्यावरही काम करत राहतं. जुन्यातल्याच, बराच वेळ चालणाऱ्या आणि ढगाळ दिसणाऱ्या 'एनपीएच'चा जोर चार ते दहा तासांत कधीही येतो. रात्री झोपताना घेतलं तर पहाटे दोन-तीनला शुगर खाली जाऊ शकते, तीही माणूस गाढ झोपेत असताना.

दवाखान्याच्या रात्री-सुट्टीच्या नंबरवर निरोप ठेवला. दीड-दोन तासांनी डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी डोस थोडा कमी करून दिला, मी तो कागदावर वेळांसकट लिहिला. स्वच्छ दिसणारं आधी सिरिंजमध्ये घ्यायचं, ढगाळ नंतर. झोपण्याआधी काहीतरी खायचं, मध्यरात्रीचा गजर लावायचा आणि उठून शुगर बघायची. तपासणीच्या 50 पट्ट्या 9 डॉलरला मिळत होत्या, त्याही दिल्या. तो गेला तेव्हा माझ्यामागे ड्राइव्ह-थ्रूला गाड्यांची रांग लागली होती आणि टेक्निशियन मुलगी खुणेने घड्याळ दाखवत होती. तिचंही बरोबर होतं. किती मिनिटांत किती औषधं गेली याचा हिशेब वर जातो. या समजावण्याला त्या हिशेबात रकाना नाही.

दुपारी एकच्या सुमाराला मराठी ऐकू आली. एक तरुण, त्याच्याबरोबर लोकरी टोपी घातलेले काका, आणि साडीवर जाड जाकीट चढवलेल्या काकू. सून बाळंत व्हायची म्हणून दोघं कऱ्हाडहून आली होती, येऊन दोनच दिवस झालेले. माझ्या छातीवरचं नाव वाचून काकूंचा चेहरा उजळला. "अगंबाई, तुम्ही आपल्याच की!"

झालं होतं असं. इन्सुलिनची पिशवी सामानाबरोबर गॅरेजमध्येच राहिली, आणि रात्री बाहेर उणे नऊ. मुलाने खिशातून बाटली काढून दाखवली. रेग्युलर 30 टक्के आणि एनपीएच 70 टक्के असं 30/70 चं मिश्रण, हलवल्यावर एकसारखं दुधी व्हायला हवं. इथे मात्र फाटलेल्या दुधासारख्या गाठी तरंगत होत्या आणि काचेला आतून पांढरे कण चिकटले होते. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी कामाचं राहत नाही. टाकूनच द्यावं लागतं. काकांना आदल्या सकाळपासून डोस नव्हता, शुगर साडेतीनशेला टेकली होती. टाइप टू, म्हणजे शरीर स्वतःचंही थोडं इन्सुलिन बनवतं, त्यामुळे ते निभावले.

मुलाने रात्रभर शोधाशोध केली होती. इन्सुलिनच्या पाच पेनांचा खोका पाचशे डॉलरच्या वर. प्रवासी विम्यात 'आधीपासूनचा आजार' वगळलेला, त्यामुळे तिकडून पैसे नाहीत. मग ऑफिसातल्या कोणीतरी पंचवीस डॉलरच्या बाटलीचं सांगितलं. काका म्हणाले, "ताई, कऱ्हाडला ही बाटली दोनशे रुपयांच्या आत येते. इथे पाचशे डॉलर? ह्यांच्याकडेच तर मोठाल्या कंपन्या आहेत ना?" ते निवृत्त शिक्षक. त्यांना कारण हवं होतं, आणि मला ते दोन वाक्यांत सांगता येईना.

म्हणून इथे सांगते. औषधकंपनी आणि विमा कंपनी यांच्यामध्ये पीबीएम नावाचे मध्यस्थ बसलेले आहेत. कोणतं औषध विम्याच्या यादीत घ्यायचं हे ते ठरवतात, आणि यादीत जागा मिळावी म्हणून औषधकंपन्या त्यांना परतावा देतात. परतावा छापील किमतीच्या टक्केवारीत. छापील किंमत जितकी जास्त, तितका परतावा भरघोस. म्हणून 1996 साली 21 डॉलरला बाजारात आलेली जलद इन्सुलिनची बाटली औषधात काडीचाही बदल न होता 275 वर गेली. सिनेटच्या अर्थसमितीने 2021 च्या जानेवारीत कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं तपासून हे सगळं मांडलं आहे. ती फुगलेली किंमत तेव्हा पूर्ण भरायचं कोण? ज्याच्याकडे विमा नाही तो, किंवा ज्याचं डिडक्टिबल अजून संपलेलं नाही तो. शिवाय ऑक्टोबर 2018 पर्यंत अनेक करारांत असं कलम असायचं की 'विमा न वापरता रोख घेतलंत तर स्वस्त पडेल' हे फार्मासिस्टने आपणहून गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. त्यावर बंदी आणणारे कायदे झाले आणि आमच्या तोंडावरचं कुलूप निघालं. माझ्या सगळ्या नोकरीत इतका संताप मला दुसऱ्या कशाचा आलेला नाही.

काका आणि मी बोलत होतो तोवर मी फ्रिजमधून बाटली काढून आणली. इथे लेबलवर 70/30 लिहितात, मिश्रण तेच. पंचवीस डॉलर ऐकून मुलाने सुटकेचा श्वास सोडला. मी सिरिंजचं पाकीट घ्यायला वळले, तर काकू म्हणाल्या, "सुया नकोत हो, आमच्याकडे ढीग आहेत. उगाच कशाला खर्च?"

दहा सिरिंजचं पाकीट असून असून दोन-अडीच डॉलरचं. पण परदेशात मुलाच्या पैशाने प्रत्येक गोष्ट घेताना जीव चोरणारी आई मी अनेकदा पाहिली आहे, माझी स्वतःचीही तशीच. मी म्हटलं, "काकू, आहे का एखादी जवळ? दाखवा बरं."

त्यांनी पर्समधून प्लास्टिकची डबी काढली. आत सिरिंज नीट ओळीने लावलेल्या, सगळ्यांची टोपणं लाल.

भारतात इन्सुलिनच्या बाटलीत साधारणपणे एका मिलीला 40 युनिट असतात आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची असते. अमेरिकेत एका मिलीला 100, आणि सिरिंजचं टोपण केशरी. मी इथली एक मिलीची सिरिंज उघडून काकूंच्या सिरिंजशेजारी काउंटरवर ठेवली. लांबी-जाडी सारखीच. एकीवर शेवटचा आकडा 40, दुसरीवर 100.

"काकांना किती देता?"

"सकाळी वीस, संध्याकाळी चौदा. मीच देते. ह्यांना सुई बघवत नाही."

दोन्ही सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत पाणी भरलं. लाल टोपणाची अर्धी भरली, केशरीची जेमतेम पाचवा हिस्सा. काकू चष्मा सावरून वाकल्या, दोन्हींवरून बोट फिरवलं. मी काही सांगायच्या आत म्हणाल्या, "म्हणजे इथली बाटली आणि आमची सुई... चाळीसला शंभर. अडीचपट गेलं असतं. विसाचे पन्नास."

मुलगा मागे सरकून खुर्चीवर बसला. पन्नास युनिट, वर नवी जागा, अवेळी जेवणखाण. शुगर खाली जाऊन काका बेशुद्ध पडले असते तरी घरच्यांना वाटलं असतं, झोपलेत, प्रवासाचा शीण आहे.

त्यानंतर कऱ्हाडच्या डॉक्टरांना फोन लावला. तिथे रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तरी त्यांनी उचलला. डोस तोच ठेवायला सांगितलं, वेळा मात्र इथल्या जेवणाप्रमाणे. नवीन सिरिंजने वीस आणि चौदाच्या खुणा कुठे येतात ते काकूंनी माझ्यासमोर पाण्याने तीनदा भरून दाखवलं. लाल टोपणाच्या साऱ्या सिरिंज त्यांनी स्वतःच माझ्याकडे दिल्या आणि मी त्या सुया टाकायच्या डब्यात टाकल्या. घरात दोन्ही प्रकार ठेवायचेच नाहीत.

एक गोष्ट मला तेव्हापासून पटत नाही आणि ती मी जिथे जमेल तिथे बोलते. नवीन, तेव्हा महागडं असलेलं इन्सुलिन चिठ्ठीवर मिळतं, म्हणजे त्याच्यामागे एक डॉक्टर असतो, एक ठरवलेला डोस असतो, आणि पहिल्यांदा नेताना समजावून सांगायची पद्धत असते. स्वस्त बाटली कोणीही मागून नेऊ शकतं. गल्ल्यावरच्या मुलीने पैसे घेतले की व्यवहार संपला. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्याच हातात जास्त जपून वापरायचं इन्सुलिन जातं, तेही एका शब्दाशिवाय. स्वस्त बाटली ठेवणाऱ्या दुकानांचे उपकार आहेतच. तिच्यामुळे किती जण जगले असतील. पण त्या बाटलीबरोबर फार्मासिस्टची पाच मिनिटं सक्तीने मिळायला हवीत, आणि ती पाच मिनिटं दुकानाने हिशेबात धरायला हवीत.

पुढे दर खाली आले. जून 2021 मध्ये वॉलमार्टने नवीन पद्धतीचं जलद इन्सुलिनही स्वतःच्या नावाखाली आणलं, 72 डॉलर 88 सेंटला बाटली. त्याला चिठ्ठी लागते. जानेवारी 2023 पासून मेडिकेअर या सरकारी विम्यातल्या ज्येष्ठांना महिन्याला 35 डॉलरची मर्यादा लागू झाली. त्याच मार्चमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपल्या काही इन्सुलिनच्या दरात 70 टक्के आणि त्याहून जास्त कपात जाहीर केली, आणि एके काळी 137 डॉलरची असलेली ती बाटली मे महिन्यात 25 वर आली. जानेवारी 2024 पासून मेडिकेडचे, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचे, नियम बदलणार होते आणि जुन्या किमती ठेवल्या असत्या तर कंपन्यांनाच भुर्दंड पडला असता, हेही त्यामागे होतं. कारण काहीही असो, तो सव्वीस वर्षांचा मुलगा त्या सोमवारी 99 डॉलरच्या योजनेत गेला, आणि आता त्याची जलद इन्सुलिनची बाटली पंचवीसला येते.

आईवडिलांना इकडे बोलावणाऱ्यांसाठी एवढंच. इन्सुलिन हातातल्या बॅगेत आणायला सांगा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात नको, आणि थंडीत गाडीत किंवा गॅरेजमध्ये तर मुळीच नको. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट आणा. पेनची काडतुसं दोन्हीकडे सहसा मिलीला 100 युनिटचीच असतात. घोळ होतो तो बाटली आणि सिरिंजचा. इथली बाटली घेतलीत तर सिरिंजही इथलीच घ्या. आणि तुमच्या राज्यात ही बाटली चिठ्ठीशिवाय देतात का, ते आधी विचारून घ्या.