जीप्लेट्समध्ये खंड सरकवताना: बिंदू चुकीच्या जागी का जातो?

खंड कसे सरकले हे नुसतं पाहायचं असेल तर ब्राउझरमध्ये चालणारा 'एन्शंट अर्थ' हा गोल पुरेसा आहे. शहराचं नाव टाका, काळ निवडा, ७५ कोटी वर्षं मागे जाता येतं. नकाशे भूशास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्कोटीज यांचे. पण ते तयार चित्र आहे. आपल्याकडच्या जीवाश्माची जागा तेव्हा कोणत्या अक्षांशावर होती हे काढायचं तर जीप्लेट्ससारखं खंडांच्या हालचाली मोजणारं सॉफ्टवेअर हवं. जीप्लेट्स मोफत आहे आणि त्याचा कोड खुला आहे.

त्याला किमान दोन फायली लागतात: प्लेटच्या (म्हणजे भूकवचाच्या सरकणाऱ्या तुकड्याच्या) सीमांचे बहुभुज आणि प्लेट कशी फिरली ते सांगणारी रोटेशन फाइल. ही दुसरी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये एकदा उघडून बघाच, सगळं मर्म तिथे आहे. गोलावरची कोणतीही सरक म्हणजे केंद्रातून जाणाऱ्या एखाद्या अक्षाभोवतीचं फिरणं. म्हणून प्रत्येक ओळीत सहा आकडे: हलणाऱ्या प्लेटचा क्रमांक, काळ (दशलक्ष वर्षांत), अक्षाच्या टोकाचे अक्षांश, रेखांश, फिरण्याचा कोन आणि कोणत्या प्लेटच्या संदर्भात फिरायचं तो क्रमांक. भारत ५०१, आफ्रिका ७०१, अंटार्क्टिका ८०२. भारत आफ्रिकेला बांधलेला असेल, तर आफ्रिकेची ओळ बिघडली की भारतही भरकटतो.

आपले बिंदू, म्हणजे जीवाश्मांच्या जागा, उघडल्यावर आधी काळ शून्यावर (म्हणजे आजवर) आणा, मग प्रत्येक बिंदूला त्याच्या प्लेटचा क्रमांक देणारी 'असाइन प्लेट आयडीज' ही आज्ञा चालवा. काळ मागे नेला तरी बिंदू जागचा हलत नसेल, तर त्याला क्रमांक मिळालेला नाही. बिंदू अचानक गायब झाला तर त्याची सुरुवातीची तारीख तपासा. ६६ लिहिलं असेल तर ६.६ कोटी वर्षांच्या मागे तो दिसणारच नाही. आणि सगळ्यात घातक चूक म्हणजे एका मॉडेलचे (म्हणजे संशोधकांच्या एका गटाने मांडलेल्या हालचालींच्या संचाचे) बहुभुज अन् दुसऱ्याची रोटेशन फाइल. इथे तक्रारीचा संदेश येत नाही. खंड नीट सरकताना दिसतात, फक्त जागा चुकीच्या असतात.

पडद्यावरची किनारपट्टी आजची असते, खंड ओळखू यावा म्हणून. तेव्हाचा समुद्र तिथवरच होता असं समजू नका.

आणखी एक गोष्ट फार कमी जण पाहतात. खडकातल्या चुंबकत्वावरून जुने अक्षांश आणि खंड किती वळला ते कळतं, रेखांश कळत नाही. रेखांशासाठी सागरतळावरचे चुंबकीय पट्टे कामी येतात, पण साधारण २० कोटी वर्षांपेक्षा जुना तळ जवळजवळ उरलेलाच नाही. त्यामागचे रेखांश बरेचसे अंदाजाचे. शिवाय काही मॉडेलं प्रावरणाला (भूकवचाखालच्या जाड थराला) स्थिर धरतात, काही पृथ्वीच्या परिवलनाच्या अक्षाला. जुनं हवामान अभ्यासायचं असेल तर दुसरा प्रकारच घ्या, कारण ऊन किती तिरपं पडत होतं हे परिवलनाच्या अक्षावरून ठरतं. मर्डिथ व सहकाऱ्यांचं २०२१ चं, १०० कोटी वर्षांपर्यंत जाणारं मॉडेल या प्रकारातलं आहे.